दाढेंतला जीव

मुलाला सहावें वर्ष पुरें होतें न होतें तोंच त्याच्या तोंडांत, दुधाच्या दाढांच्याहि मागें, एक मोठी दाढ मुकाट्यानें वर येते. दुधाचा दांत पडला म्हणजे तो कौलांवर टाकण्याचा समारंभ होतो. पण या दाढेसाठीं कोणताहि जुना दांत पडावा लागत नाहीं, म्हणून तिच्या येण्याची वर्दी घरांत कोणाला लागत नाहीं. ती दुधाचीच आहे, केव्हां तरी पडेल आणि तिच्या जागीं दुसरी येईल, असें आईबाप धरून चालतात. वस्तुतः ती कायमची असते. पुढच्या साऱ्या आयुष्यांत घास चावण्याचा मोठा भार तिनेंच वाहावयाचा असतो. तिच्या माथ्यावर खोल खांचा असतात, त्यांत गोडाचे कण अडकून बसतात, लहान हातांतला ब्रश तेथवर पोंचत नाहीं. आणि त्यामुळें कायमच्या दांतांपैकीं किडीची पहिली धाड बहुधा तिच्यावरच पडते.

मग नऊ-दहा वर्षांचें मूल एके रात्रीं गाल धरून उठून बसतें, आणि घरांत दोन पक्ष पडतात. आजी लवंगेच्या तेलाचा बोळा घेऊन येते, आजोबा म्हणतात, "काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल." फार तर तिसरा कोणी 'नस मारून' दाढ भरून घेण्याचा सल्ला देतो. दाढेच्या आंत जी जिवंत वस्तु आहे ती जिवंतच ठेवून दाढ बरी करतां येईल, ही गोष्ट या वादांत सहसा कोणी बोलत नाहीं. त्याबद्दल घरच्या मंडळींस दोष देण्याचें कारण नाहीं. दंतवैद्यांच्या जगांतहि ती अडीचशेंहून अधिक वर्षें वादाची होती. प्रथम ती एकाला सुचली, पुढें मागें पडली, मग अशक्य ठरली, आणि अखेर खरी निघाली. त्या घालमेलीचा हा वृत्तांत आहे.

दांत म्हणजे हाडाचा एक तुकडा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती वरवरचीच होय. दांताचें बाहेरचें कवच, म्हणजे दंतवल्क, हें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य. त्याच्या आंत पिवळसर दंतिन. आणि दंतिनाच्या पोटांत एका बंद कोठडींत गुलाबी, मऊ अशी दंतमज्जा. लोक जिला 'नस' म्हणतात ती हीच. परंतु ती नुसती नस नव्हे. तींत रक्तवाहिन्या आहेत, ज्ञानतंतु आहेत, आणि तिच्या कडेला दंतिन घडविणाऱ्या पेशींची रांग आहे. दांत झिजला किंवा किडला, तर याच पेशी आंतून नवें दंतिन रचून भिंत जाड करतात. घर बांधून गवंडी निघून जातो; दांतांतला गवंडी मात्र घरांतच राहतो.

कायमच्या दाढेच्या बाबतींत तर त्याचें काम फारच महत्त्वाचें आहे. दाढ हिरडीबाहेर येते तेव्हां तिचीं मुळें अपुरीं असतात. त्यांचीं टोंकें नरसाळ्यासारखीं रुंद उघडीं असतात आणि भिंती पातळ असतात. तीं मुळें पुरीं होऊन टोंकें मिटण्यास आणखी सुमारें तीन वर्षें लागतात. मधल्या काळांत मज्जा मेली तर मूळ जेथल्या तेथें थांबतें, आणि तसली दाढ वरून कितीहि सुबक भरली तरी पुढें घासाच्या जोरानें तडकण्याचें भय राहतें. सारांश, नऊ वर्षांच्या मुलाची मज्जा वांचवावयाची ती केवळ कळ थांबावी म्हणून नव्हे. अर्धवट राहिलेलें बांधकाम तिच्यावांचून पुरें होत नाहीं म्हणून.

पण मज्जेची राहण्याची जागाच अडचणीची. शरीरांत दुसरीकडे कोठें सूज आली तर मांस फुगतें, कातडी ताणते. दाढेच्या कोठडीच्या भिंती दगडासारख्या, त्या हटावयाच्या नाहींत. रक्त येण्याची वाट मुळाच्या टोंकाशीं, तीहि अरुंद. म्हणून कीड आंत पोंचली कीं मज्जा आपल्याच सुजेनें गुदमरून मरते, असें अनुमान पूर्वीच्या लोकांनीं काढलें. तें दिसावयास सयुक्तिक होतें, आणि म्हणूनच तें फार दिवस टिकलें.

प्राचीन काळीं तर दुखण्याचें कारणच निराळें मानीत. दाढेंत किडा शिरतो व तो पोखरतो, ही कल्पना बाबिलोनपासून आपल्या देशापर्यंत सर्वत्र होती. मराठींतला 'कीड' हा शब्द तिचीच आठवण आहे. आयुर्वेदांत या रोगाचें नांव कृमिदंत. दांताची पोकळी गुळानें किंवा मेणानें भरून ती डागावी, असा उपाय वाग्भटांच्या ग्रंथांत सांगितला आहे. त्या डागानें दुखणारी मज्जा जळून जात असली पाहिजे आणि कळ थांबत असली पाहिजे. म्हणजे एका अर्थानें 'नस मारण्या'चाच तो प्राचीन प्रकार होय.

किड्याच्या कल्पनेवर पहिला जोरदार घाव पॅरिस शहरीं बसला. पिएर फोशार हा तेथील दंतवैद्य. त्याचा दोन भागांचा मोठा ग्रंथ १७२८ सालीं प्रसिद्ध झाला. आपण सूक्ष्मदर्शकानेंहि शोध केला, पण किडा कोठें आढळला नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. मात्र उघड्या पडलेल्या मज्जेचें काय करावें, याचा धाडसी विचार त्याच्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं एका जर्मनानें मांडला. फिलिप पाफ हा प्रशियाचा राजा थोरला फ्रेडरिक याचा दंतवैद्य. १७५६ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें असें सुचविलें कीं, कीड काढतांना आंतला जिवंत भाग उघडा पडला, तर सोन्याचा किंवा शिशाचा लहानसा पत्रा कापून त्याला खोलगट आकार द्यावा आणि तो अशा रीतीनें बसवावा कीं त्याचा स्पर्श मज्जेला होऊं नये. मग त्यावर दाढ भरावी. जखमेवर झांकण, पण दाब नाहीं! जंतूंचें नांव कोणास ठाऊक नव्हतें, भूल देण्याची विद्या जन्मली नव्हती, अशा काळांत त्या राजवैद्यानें हातच्या दोन धातूंनिशीं मज्जा जिवंत ठेवण्याचा विचार केला, ही गोष्ट लहान नव्हे. त्याचें झांकण बसे, पण लाळ झिरपावयाची थांबत नसे. त्याच्या किती दाढा वांचल्या याची नोंद नाहीं. फारशा वांचल्या नसाव्यात.

पुढें १८२६ सालीं लंडन येथें लेओनार्ड केकर यानें आपल्या ग्रंथांत निराळी रीत सांगितली. बारीक लोखंडी तार लाल तापवून उघड्या मज्जेच्या रक्त येणाऱ्या बिंदूला क्षणभर लावावी, रक्त थांबलें कीं त्यावर शिशाचें पातळ पान ठेवावें आणि वर सोनें भरावें. रोग्याला भूल नाहीं, आणि तापलेली तार थेट दाढेच्या गाभ्यांत! आज हें वाचतांना अंगावर कांटा येतो. तरीहि त्या रीतींत एक मर्म होतें, आणि तें दीडशें वर्षांनीं पुन्हां पुढें आलें: मज्जेचा वरचा दुखावलेला थर घालवावा, रक्त थांबतें कीं नाहीं तें पाहावें, आणि उरलेली तशीच राखावी.

परंतु जगाला इतका धीर नव्हता. १८३६ सालीं शीअरजाशब स्पूनर नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें सोमलाचा उपयोग जाहीर केला. किडलेल्या पोकळींत सोमलाचा कण ठेवून दाढ बंद करावी. थोड्या दिवसांत मज्जा मरते, आणि मग ती न दुखतां उपटून काढतां येते. रोगी खूष, वैद्यहि खूष. सोमल बाहेर झिरपला तर हिरडी आणि जबड्याचें हाडहि मरतें, हें पुढें अनुभवानें कळलें. तरी ती चाल विसाव्या शतकांतहि बराच काळ चालू राहिली. मेलेली मज्जा मुळांतून ओढून काढण्यासाठीं वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड यानें १८३८ सालीं घड्याळाची स्प्रिंग घासून बारीक सुई तयार केली. याच गृहस्थाचें नांव बंदुकींच्या इतिहासांतहि येतें. त्याच्या नांवाची रायफल अमेरिकेच्या यादवी युद्धांत चालली. मारण्याच्या कलेंत त्याचा हात दोन्हींकडे सारखाच वळला, असें कोणी थट्टेनें म्हटलें तर त्यास बोल लावतां येणार नाहीं.

याच शतकांत दुसराहि एक वाद माजला, आणि तो आज विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. कीड खरवडतांना सगळी काढावी, कीं मज्जेच्या अगदीं लगतचा मऊ थर मुद्दाम राहूं द्यावा? इंग्लंडचा जॉन टोम्स यानें १८५९ सालच्या ग्रंथांत असें मत दिलें कीं, मज्जा उघडी पाडून दांत गमावण्यापेक्षां तिच्या रक्षणासाठीं रंग बदललेल्या दंतिनाचा एखादा थर राहिलेला बरा. अमेरिकेचा जी. व्ही. ब्लॅक हा पुढें दंतवैद्यकाचा जणूं स्मृतिकार झाला. त्यानें १९०८ सालीं याच्या अगदीं उलट निवाडा दिला. कीड म्हणून जें दिसेल तें सारें गेलेंच पाहिजे. त्यापायीं मज्जा उघडी पडली तर पडो. ब्लॅकचा दरारा असा होता कीं पुढच्या दोन-तीन पिढ्या दंतवैद्य त्याच्याच शब्दावर चालल्या. टोम्सचें म्हणणें मागच्या बांकावर जाऊन बसलें.

ब्लॅकच्या बाजूला आतां जंतुशास्त्राचेंहि बळ आलें होतें. बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन संशोधकाचें पुस्तक १८९० सालीं प्रसिद्ध झालें. तोंडांतले जंतु पिष्ट व साखर आंबवून आम्ल तयार करतात, आम्लानें दांत विरघळतो, मग जंतु आंत शिरतात, हें त्यानें दाखविलें. जुना किडा नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं न दिसणारे असंख्य किडे आले, असें म्हणावयास हरकत नाहीं. या शोधाचा खरा धडा असा कीं शत्रु जंतु आहेत, मज्जा नव्हे. पण माणसें भ्यालीं म्हणजे धडे उलटे वाचतात.

१९१० सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनीं कॅनडांत मॉन्ट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठांत एक व्याख्यान दिलें. सडकीं मुळें सोन्याच्या टोप्यांखालीं झांकून ठेवणाऱ्या दंतवैद्यकावर त्यांनीं कडक कोरडे ओढले, आणि तोंडांतल्या या घाणीपासून सर्व शरीरभर रोग उद्भवतात असें प्रतिपादन केलें. त्यांत सत्याचा अंश होता. परंतु त्यांतून जी लाट उसळली तिनें ताळतंत्र सोडलें. संधिवात झाला, काढा दांत. पोट बिघडलें, काढा दांत. मन उदास झालें, तरीहि दांतच काढा! क्ष-किरणांचें चित्र हातीं आल्यामुळें मुळाशीं जरा काळी छाया दिसली कीं चिमटा पुढें होई. पुढचीं वीस-तीस वर्षें विशेषतः अमेरिकेंत आणि इंग्लंडांत अगणित दांत, त्यांत कित्येक धडधाकट, या भयापायीं गेले. अशा दिवसांत आजारी मज्जा राखून ठेवा म्हणणारा वैद्य अडाणीच ठरला असता. १९२२ सालीं रेबेल या जर्मन संशोधकानें प्रयोगांवरून निकालच देऊन टाकला कीं एकदां उघडी पडलेली मज्जा हा गमावलेला अवयव समजावा. हें वाक्य पुढें कित्येक वर्षें आधारवाक्य म्हणून फिरत राहिलें.

नवल असें कीं त्याच जर्मनींत, त्याच्या दोन वर्षें आधीं, त्याचें उत्तर एका तरुणाच्या प्रबंधांत येऊन ठेपलें होतें. बर्नहार्ड हेर्मान यानें १९२० सालीं दांताच्या मुळांवर उपचार करण्यासाठीं कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुचविलें. हें नांव अवघड वाटलें तरी वस्तु घरचीच आहे: पाण्यांत विझवलेला चुना, विड्याच्या पानाला लावतात तोच. (म्हणून घरच्या डबींतला चुना मुलाच्या दाढेंत कोंबूं नये. वैद्याचा चुना शुद्ध केलेला असतो, आणि तो ठेवण्याची जागा व वेळ ठरलेली असते; नाहीं तर तोंड भाजतें आणि कीड जागच्या जागीं राहते.) हेर्माननें पुढें १९३० सालीं दाखविलें कीं मज्जेच्या कापलेल्या टोंकावर हा चुना ठेवला असतां खालची मज्जा जिवंत राहते, आणि चुन्याच्या खालीं ती स्वतःच नव्या दंतिनाचा एक आडवा पडदा रचते. फुटलेल्या भिंतीला घरांतल्या गवंड्यानेंच आंतून गिलावा करावा, तसा हा प्रकार. चुना तीव्र अल्कली असतो. तो मज्जेचा अगदीं वरचा थर जाळतो, जंतूंना जगूं देत नाहीं, आणि जळलेल्या थराखालच्या पेशी जाग्या होऊन भिंत घालूं लागतात. केकरची तापलेली तार आणि हेर्मानचा चुना यांत तत्त्वाचें अंतर थोडें आहे. अंतर आहे तें हाताच्या हळुवारपणाचें आणि जंतूंच्या ज्ञानाचें.

ही विद्या अमेरिकेंत नेणारांपैकीं झँडर हे एक. त्यांनीं १९३९ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं तो पडदा दाखवून शंकेखोरांचीं तोंडें बंद केलीं. तरी बंद झालीं तीं तात्पुरतींच. चुना कालांतरानें विरघळतो. त्याच्या खालीं बनलेला पडदा पुष्कळदां सच्छिद्र असतो. वरचें भरण सैल पडलें कीं लाळेबरोबर जंतु पुन्हां आंत उतरतात आणि दोन-पांच वर्षांनीं मज्जा निमूटपणें मरते. त्यामुळें अपघातानें, निरोगी दांताची मज्जा टांचणीच्या टोंकाएवढी उघडी पडली तर चुना ठेवावा. किडीनें उघडी पडली तर आशा सोडावी, असा मध्यम मार्ग बहुतेक शाळांतून शिकविला जाऊं लागला. किडलेली कायमची दाढ म्हटली कीं तिचें भवितव्य ठरलेलें: मज्जा काढा, मूळनलिका साफ करून भरा, म्हणजे ज्याला आज सर्रास 'रूट कॅनाल' म्हणतात तें करा, आणि तें परवडत नसेल तर दाढ काढा.

या मतावर निर्णायक प्रहार झाला तो रोग्याच्या खुर्चीवर नव्हे, तर उंदरांच्या पिंजऱ्यांत. १९६५ सालीं काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची मांडणी इतकी साधी होती कीं शाळेंतल्या मुलालाहि ती समजावी. उंदरांचे दोन कळप घेतले. एक नेहमींचा, दुसरा जन्मापासून जंतुरहित वातावरणांत वाढविलेला, ज्याची हवा, पाणी व अन्न हीं सर्व निर्जंतुक. दोन्ही कळपांतल्या उंदरांच्या वरच्या पहिल्या दाढेला भोंक पाडून मज्जा उघडी केली. मग ती झांकली नाहीं, औषध लावलें नाहीं, कांहींच केलें नाहीं. उंदीर जेवत राहिले आणि भोंकांत अन्न, केस, कोंडा जाऊन बसत राहिला.

नेहमींच्या उंदरांत जें व्हावयाचें तेंच झालें. आठवड्याभरांत मज्जा सडली आणि पुढें मुळांच्या टोंकांशीं गळवें झालीं. जंतुरहित उंदरांच्या दाढांत मात्र चौदाव्या दिवसाच्या सुमारास भोंकाखालीं नवें दंतिन धरूं लागलें, आणि तीन-चार आठवड्यांत पडदा पुरा झाला. त्याच्या खालीं मज्जा जिवंत होती. वर घाण तशीच कोंबलेली! ना सोनें, ना शिसें, ना चुना. मज्जा उघडी पडल्यानें मरत नाहीं. कोठडी बंद असल्यानेंहि ती गुदमरून मरत नाहीं. मरते ती जंतूंनीं. रेबेलचा निकाल ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावाच निराळ्या गोष्टीचा होता. त्याची मज्जा दुर्बळ नव्हती, त्याचें झांकण गळकें होतें.

येथून पुढें प्रश्नाचें रूपच पालटलें. मज्जा जगेल कीं नाहीं, हा प्रश्न मागें पडला. जंतूंनीं किती खोल शिरकाव केला आहे, तेवढा भाग काढतां येईल काय, आणि नंतर दार घट्ट लावतां येईल काय, हे तीन प्रश्न पुढें आले. पहिल्या दोहोंचें उत्तर स्टॉकहोमच्या मिओमिर त्स्वेक यांनीं दिलें. खेळतांना पडून मुलांचे पुढचे दांत मोडतात आणि मज्जा उघडी पडते. अशा दांतांची सगळी मज्जा न काढतां, वरचा सुमारें दोन मिलिमीटर भाग पाण्याच्या धारेखालीं हिऱ्याच्या कण्या बसविलेल्या फिरत्या टोंकानें कापून, उरलेल्या मज्जेवर त्यांनीं चुना ठेवला. १९७८ सालीं त्यांनीं साठ दांतांचा हिशेब मांडला. त्यांपैकीं अठ्ठावन बरे झाले होते. पण ते मोडलेले दांत होते, किडलेले नव्हेत. म्हणून १९९३ सालीं त्स्वेक आणि त्यांच्या सहकारी मेयारे यांनीं खोल किडलेल्या कायमच्या दाढा घेतल्या. ज्यांत कसलेंहि लक्षण नव्हतें अशा एकतीसपैकीं एकोणतीस बऱ्या झाल्या. शिवाय ज्या ठणकत होत्या अशा सहा दाढा होत्या. त्यांतल्याहि चार वांचल्या. सहांतल्या चार हा आंकडा लहान, पण पुढच्या पंचवीस वर्षांची दिशा त्याच चार दाढांत होती.

राहिला प्रश्न घट्ट दाराचा. तें दार सांपडलें तें गवंड्याच्याच पोत्यांत. महमूद तोराबीनेजाद हे मूळचे इराणचे, अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील लोमा लिंडा विद्यापीठांत प्राध्यापक. १९९३ पासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्या नव्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली त्याला आज 'एम. टी. ए.' म्हणतात. त्यांतले पांचांतले चार भाग म्हणजे शुद्ध जातीचें पोर्टलँड सिमेंट, पूल आणि इमारती ज्यानें बांधतात तें. उरलेला भाग बिस्मथचा ऑक्साइड, क्ष-किरणांच्या चित्रांत उठून दिसावा म्हणून. गंमत अशी कीं जर्मनींत विट्टे नांवाच्या वैद्यानें १८७८ सालींच दांतांचीं मुळें पोर्टलँड सिमेंटनें भरल्याचें लिहून ठेवलें होतें. कोणीं त्याकडे पाहिलें नाहीं. सिमेंट ओलींत घट्ट होतें, हा त्याचा थोर गुण. कारण तोंडासारखी ओली जागा दुसरी नाहीं. आणि घट्ट होतांना तें कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडतें, म्हणजे हेर्मानचा चुनाच! फरक एवढाच कीं आतां चुना विरघळून जागा सोडून जात नाहीं. तो एका टिकाऊ दाराच्या आंतून पाझरत राहतो. या द्रव्याचे दोषहि आहेत: तें घट्ट होण्यास पावणेतीन तासांच्या सुमारास वेळ लागतो, दांत काळवंडतो, आणि किंमत सिमेंटच्या पोत्याशीं मुळींच जुळत नाहीं. त्याच जातीचीं, लौकर घट्ट होणारीं व रंग न बदलणारीं सिमेंटें पुढें निघालीं.

आतां शेवटचा बुरूज राहिला होता. रात्रीं झोंप मोडणारी, गरम लागतांच उठणारी व नंतरहि न थांबणारी कळ असेल, तर मज्जेचा दाह परत न फिरणारा आहे असें वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलें होतें, आणि ती काढणें हाच एक उपाय मानला जाई. सेल्ट्झर आणि बेंडर यांनीं १९६३ सालीं काढलेले दांत चिरून पाहिले, तेव्हां रोगी सांगतो ती कळ आणि आंत दिसणारी मज्जेची स्थिति यांचा मेळ पुष्कळदां बसत नाहीं असें आढळून आलें होतें. वरची मज्जा सडलेली, पण मुळांतली धड, असेंहि असूं शकतें. मग वरची सगळी काढून मुळांतली राखली तर?

याची मोठी परीक्षा इराणांत झाली. आसगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील तेवीस आरोग्यकेंद्रांत अशाच ठणकणाऱ्या ४०७ कायमच्या दाढा चिठ्ठ्या टाकाव्या तशा दोन गटांत वांटल्या. एका गटाला रूट कॅनाल; दुसऱ्यांत कोठडींतली मज्जा काढून मुळांच्या तोंडांवर सिमेंटच्या जातीचें द्रव्य. पांच वर्षांनंतरचा निकाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला: तपासणीस आलेल्यांत मज्जा राखलेल्या दाढांपैकीं शेंकडा ७८ व रूट कॅनाल केलेल्यांपैकीं शेंकडा ७५ यशस्वी. म्हणजे एका बैठकींत होणारें, थोड्या हत्यारांचें काम मोठ्या कामाच्या तोडीस उतरलें. जॉर्डन देशांतील इर्बिद येथें बावन्न प्रौढ दाढांवर एम. टी. ए. वापरून हेंच केलें, तेव्हां तीन वर्षांनीं शेंकडा ९२ हून अधिक चांगल्या होत्या. युरोपांतील या विषयाच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ सालीं आणि अमेरिकेंतील मंडळानें २०२१ सालीं अशा उपचारास मान्यता देणारीं निवेदनें काढलीं. युरोपच्या निवेदनांत आणखी एक गोष्ट आहे: मज्जा जिवंत असून कीड खोल असेल तर तळचा मऊ थर राहूं द्यावा, उगाच मज्जा उघडी पाडूं नये. मागच्या बांकावरच्या टोम्सला एकशें साठ वर्षांनीं पुढें बोलावलें गेलें.

या उपचारांत नाजूक भाग औषधाचा नाहीं, पारखण्याचा आहे. वैद्य बधिर करतो, दाढेभोंवतीं रबराचा पातळ पडदा ताणून लाळ अडवितो, कीड काढतो आणि मज्जेचें रक्त पाहतो. तिच्या जखमेवर सौम्य सोडियम हायपोक्लोराइटनें भिजविलेला कापूस ठेवून थोडीं मिनिटें थांबतो. रक्त थांबलें तर उरलेली मज्जा धड. थांबलें नाहीं तर थोडी आणखी काढून पुन्हां तेंच. रक्तच नाहीं, आंत फक्त पू आहे, तर मज्जा केव्हांच गेली. तेथें हा उपचार नाहीं, आणि हिरडीवर गळूं आलें असतां त्याचा हट्ट धरणें हें रोग्याचें नुकसान आहे. पुढच्या भरणाची घाईहि आवश्यक असते. सिमेंट कितीहि उत्तम असलें तरी वर पक्कें भरण किंवा टोपी न बसवितां महिनेच्या महिने कच्च्या भरणावर काढले, तर पाफच्या सोन्याच्या पत्र्याचें जें झालें तेंच होतें. पुष्कळ दाढा या उपचारानें वांचूनहि पुढें याच आळसानें जातात, आणि दोष उपचाराच्या माथीं येतो.

वरची सारी मज्जा काढलेली दाढ नंतर बर्फ लावून तपासली तर पुष्कळदां कांहींच सांगत नाहीं. ती मेली असें समजून दुसरा वैद्य ती उघडूं पाहतो. म्हणून काय केलें होतें याची चिठ्ठी घरीं जपून ठेवणें इष्ट. खरें उत्तर क्ष-किरणांच्या चित्रांत मिळतें. सहा महिन्यांनीं एक, वर्षानें एक, मग दरवर्षीं एक. पहिल्या चित्रांत नऊ वर्षांच्या मुलाच्या दाढेचीं मुळें आंखूड, भिंती पातळ आणि टोंकें नरसाळ्यासारखीं उघडीं दिसतात. मज्जा जगली असेल तर तिसऱ्या-चौथ्या चित्रांत सिमेंटच्या पांढऱ्या ठिपक्याखालीं एक बारीक रेघ उमटलेली असते, भिंती जाड झालेल्या असतात, आणि नरसाळीं मिटून मुळें टोंकदार झालेलीं असतात.